न आलेल्यांची हजेरी

शिकलगार सर मला दिसले नंतर, ऐकू आले आधी. कोल्हापूरच्या कॉलेजात रुजू होऊन माझा पहिलाच आठवडा होता. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी इंग्रजी शिकवत होते आणि मुलं खाली मान घालून भराभर काहीतरी उतरवून घेत होती. मला बरं वाटलं. एका बाकाशी जाऊन सहज वहीत डोकावले, तर तिथं दख्खनच्या पठाराची माहिती होती. काळी माती, तिचे गुणधर्म, तिच्यात येणारी पिकं. दोन खोल्या सोडून पलीकडे भूगोलाचा तास चालला होता आणि तिथला आवाज भिंतींना न जुमानता माझ्या वर्गात येऊन शिकवून जात होता.

"रोजच असतंय हे," तो मुलगा मला समजावत म्हणाला. "तुमचं बी लिवतोय की मॅडम, तुम्ही जरा मोठ्यानं बोला."

मधल्या सुट्टीत त्या आवाजाचा मालक स्टाफरूममध्ये आला. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खडूनं भरलेली बोटं, कपाळावर घाम. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले.

"इंग्रजीच्या नव्या म्याडम तुम्हीच न्हवं? गाव कुठलं?"

"जयसिंगपूर."

"म्हंजे जवळच्याच की. बरं, आज वर्गात कोण आलं न्हवतं?"

मी म्हटलं, "भरपूर मुलं होती सर. पुढचे सगळे बाक भरले होते."

"आलेल्यांचं इचारलं न्हाय म्याडम. आलेले आलेतच की. न आलेल्यांचं सांगा."

मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा करतायत. तसं नव्हतं. सरांची हजेरी घ्यायची रीतच उलटी होती. त्यांच्या तासाला हजर मुलांनी ‘येस सर’ म्हणायचं नाही. सर नाव घ्यायचे, मूल समोर दिसलं की पुढं जायचे. जो दिसत नसेल त्याच्या नावाशी थांबायचे. मग वर्गानं उत्तर द्यायचं. "सर, तिची आजी दवाखान्यात हाय." "सर, तो उसाच्या टोळीबरोबर गेलाय." "सर, त्यो काल पिक्चरला गेलता, झोपला असंल." कारण कळलं की सर मान हलवून पुढं सरकत. पण "म्हाईत न्हाय सर" असं उत्तर आलं की त्यांचा चेहरा बदलायचा. "तुमच्या शेजारी बसणारं माणूस चार दिवस दिसत न्हाय, आणि तुम्हाला म्हाईत न्हाय? मग तुम्ही कसला भूगोल शिकताय?" त्या दिवशी संध्याकाळी सरांची जुनी स्कूटर पंचगंगेचा पूल ओलांडून कुठल्यातरी गावाकडं फटफटत निघालेली दिसायची.

सरांचे वडील सायकलवर सहाण बसवून गल्लोगल्ली कात्र्यांना आणि सुऱ्यांना धार लावून देत. सर ते मोठ्या ऐटीत सांगायचे. "बाप कात्र्यांना धार लावायचा, मी पोरांना लावतोय. दोन्हीकडं ठिणग्या उडणारच." स्वतः ते बोर्डिंगात राहून शिकले. कोल्हापुरात जातीपातीच्या, धर्माच्या कितीतरी बोर्डिंगांमधून पोरं शिकून बाहेर पडली, त्यांतलेच हे एक. भूगोल त्यांना तोंडपाठ होता, फळ्याकडं पाठ करून नकाशा काढायचे. त्या नादात एकदा त्यांनी पंचगंगा उलटी वाहवली. पोरं हसली, तर सर म्हणाले, "खडू खराब हाय."

ते सगळ्यांचे लाडके वगैरे होते असं कुणी समजू नये. मीटिंगला शिकलगार सर आले की प्राचार्य घड्याळ बघायला लागायचे. ‘नाही’ हा शब्द त्यांना ऐकूच यायचा नाही. एकदा त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं शिक्षण मध्येच सुटतं त्यांतले बरेचसे एकाच बाजूच्या गावांतले आहेत. त्या बाजूला जाणारी शेवटची सोयीची एसटी आमचा शेवटचा तास संपायच्या आत निघून जायची. तास बुडवला तर हजेरी जाते, गाडी बुडवली तर कोल्हापुरात खोली घेऊन राहावं लागतं, आणि खोलीचं भाडं परवडत नाही. सर आगारात गेले, गाडी जरा उशिरा सोडा म्हणाले. ते जमण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सर प्राचार्यांच्या केबिनमध्ये.

"सर, एसटी काय हलत न्हाय. आपण कॉलेज हलवूया."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "कॉलेज हलवायचं?"

"इमारत न्हवं हो, वेळापत्रक! सकाळी लवकर भरवू, दुपारी लवकर सोडू."

स्टाफमध्ये आरडाओरडा झाला. लवकर उठायला कुणाला आवडतं? मीही कुरकुरले. पण वेळापत्रक हललं. सत्र संपलं तरी त्या बाजूची मुलं वर्गात टिकून राहिली, तेव्हा कुरकुर आपोआप थांबली.

मग नवीन भानगड निघाली. लवकरच्या गाडीनं येणारी मुलं पहाटे घर सोडायची, आणि तिसऱ्या तासाला भुकेनं पेंगायची. कॅन्टीनमध्ये रोज खाणं त्यांच्या खिशाला झेपणारं नव्हतं. सरांनी वर्गात जाहीर केलं, "कोल्हापुरात राहणाऱ्यांनी उद्यापासनं डब्यात एक भाकरी जादा आणायची. कुणासाठी ते इचारायचं न्हाय. मधल्या सुट्टीत डबे मधी ठेवायचे आणि सगळ्यांनी खायचं." आठवड्याभरात भूगोलाच्या खोलीत नकाशांच्या खाली पंगत बसायला लागली. कुणाच्या डब्यात झुणका, कुणाच्या खर्डा, कुणाच्या आईनं मुद्दाम जास्त करून दिलेलं अंड्याचं कालवण. त्याच खोलीतल्या कपाटात जुन्या पाठ्यपुस्तकांचा ढीग असायचा. पास झालेल्यांनी पुस्तकं तिथं आणून टाकायची, पुढच्यांनी न्यायची. अट एकच. पुस्तकात पेन्सिलीनं केलेल्या खुणा खोडायच्या नाहीत. "मागचा जिथं अडला तिथं पुढचा अडणार न्हाय," सर म्हणायचे.

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, प्रवेश वाढले की सगळे खूश असतात. तुम्ही मात्र तिसऱ्या वर्षाचीच काळजी करता."

"कारण पहिल्या वर्षाला आत घ्यायला सगळे गेटावर उभे असत्यात म्याडम," ते म्हणाले. "शेवटच्या वर्षी मागच्या दारानं कोण गेलं, ते बघायला कोण नसतंय."

सुवर्णा अशीच मागच्या दारानं जात होती. तिसऱ्या वर्षाची, सरांच्या भूगोलाची मुलगी. जोतिबाच्या डोंगरावर देवळाच्या वाटेवर तिच्या घरचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. पहिल्या बाकावर बसायची, अक्षर बारीक आणि हसणं मोठं. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. सर तिच्या नावाशी थांबले. वर्गानं उत्तर दिलं, "तिचे वडील दुकानाच्या पत्र्यावरनं पडले सर. पाय मोडलाय. ती दुकानात बसती."

सर स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाले, "चला म्याडम. पोरीच्या आईशी बोलायचंय, बरोबर बाईमाणूस असलेलं बरं."

आम्ही एसटीनं डोंगरावर गेलो. दुकानात गुलालाचे ढीग, खोबऱ्याच्या वाट्यांच्या माळा, दवण्याच्या जुड्या. सुवर्णा तागडी धरून बसली होती. आम्हाला बघून तिनं मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. तिची आई इंदुबाई पुढं आली. ठसठशीत कुंकू, हात कोपरापर्यंत गुलाबी.

"या सर. पाणी घ्या, पेढा घ्या. आणि पोरीच्या कॉलेजचं बोलायला आला असला तर ते सोडून बाकीचं बोला."

"बाकीचं मला येत न्हाय," सर म्हणाले.

इंदुबाईला हसू आलं, पण ती बधली नाही. "मालक पडून हाईत. थोरल्या पोराचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष हाय, ते थांबवता येत न्हाय. दोघांचं न्हाय झेपत सर. एकाचंच होतंय."

सरांचं ठरलेलं सुरू झालं. फी हप्त्यानं भरता येईल, मी प्राचार्यांशी बोलतो. पुस्तकं कपाटात आहेत. जेवणाची काळजी नाही. इंदुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"पैशाचं तुम्ही कराल हो. माणसाचं कोण करणार? मी मालकांचं बघू, म्हस बघू का दुकान बघू? इथं बसायला माणूस लागतंय." मग ती म्हणाली, "सर, राग मानू नका. तुमच्या घरात बाईमाणूस कोण हाय?"

सरांची बायको लवकर गेली होती. मुलगा पुण्याला नोकरीत. सर म्हणाले, "बहीण हाय. थोरली."

"किती शिकलीया?"

मी सरांकडं पाहिलं. कुठल्याही प्रश्नाला तोंडात उत्तर तयार असणारा हा माणूस गुलालाच्या ढिगाची कड बोटानं सारखी करत होता. वर देवळाकडं कुणीतरी "चांगभलं" म्हणून ओरडलं.

"सेकंड इयरला सोडलं," सर शेवटी म्हणाले.

"का?"

"आमच्या वडलांना दोघांचं झेपत न्हवतं."

इंदुबाईनं वर्मावर बोट ठेवल्याची ऐट अजिबात आणली नाही. उलट तिचा आवाज खाली आला. "मग मी काय येगळं करतोय, सर?" ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, ‘करतोय’, ‘जातोय’. ती वळली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला खोबरं जोखून द्यायला लागली.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. वाटेतल्या टेकड्यांची नावं सांगितली नाहीत, कंडक्टरशी वाद घातला नाही. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाले, "म्याडम, चहाला घरी चला. मला एकट्याला जायला नको वाटतंय."

सरांच्या बहिणीला सगळी गल्ली आपा म्हणायची. सरांपेक्षा उंच, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात शिलाईची फीत. त्या गल्लीतल्या तीन पिढ्यांचे ब्लाऊज आपांनी शिवले असतील. मशीनवर बसल्या की समोर वर्तमानपत्र उभं करून ठेवायच्या आणि शिवता शिवता वाचायच्या. कापड सरळ जायचं, बातमीही सुटायची नाही.

त्यांनी चहा आणला आणि पुन्हा मशीनवर बसल्या. सर डोंगरावरची हकिगत सांगू लागले. पोरगी अशी, आई तशी, दुकान असं. इंदुबाईच्या प्रश्नापर्यंत आले आणि अडखळले.

"मग?" आपा पायडल मारत म्हणाल्या. "काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं."

"खरं काय?"

"तू सेकंड इयरला सोडलंस. माझ्यामुळं."

मशीन थांबलं. आपांनी सुईतून दोरा काढला, पुन्हा ओवला. त्याला वेळ लागला.

"एवढी वर्सं गावोगाव हिंडतोयस," त्या म्हणाल्या. "कुणाची पोरगी परत आणलीस, कुणाची सून परत आणलीस. रोज जेवताना सगळ्यांच्या गोष्टी मला सांगितल्यास. मी ऐकत बसलो. म्हटलं, आज इचारंल, उद्या इचारंल."

"काय इचारंल?" सरांनी विचारलं.

"की आपा, तू का येत न्हाईस."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी कपाकडं बघत राहिले. बाहेर गल्लीत कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं, तो आवाज तेवढा घरात येत होता. सरांचे खांदे हलत होते. मग आपाच उठल्या. त्यांनी गळ्यातली फीत काढून भावाच्या पाठीवर हलकेच मारली.

"रडू नगंस. म्याडम बघाय लागल्यात. चहा गार होतोय तो पी, आणि सांग, कवा सुरू होतंय कॉलेज?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं डोंगरावर गेलो. या वेळी सर दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसले, आणि आपा आत इंदुबाईजवळ पाट ओढून बसल्या. आल्या आल्या गुलालाच्या पुड्या बांधायला लागल्या, जशा काही तिथंच कामाला होत्या.

"बाई, मी तुला शहाणपण शिकवायला आलो न्हाय," आपा म्हणाल्या. "एक गोष्ट आजपतोर कुणाला सांगितली न्हाय, ती सांगतो. भावावर मी कधी रागावलो न्हाय. तो शिकला, मला आनंदच झाला. पण त्याला डिग्री मिळाली त्या दिवशी मी शिरखुर्मा केला आणि त्यात साखरेच्या जागी मीठ टाकलं. मुद्दाम न्हवं. हातच ऐकत न्हवता माझा."

बाकड्यावरून आवाज आला, "ते तू टाकलंतंस?"

"मग कोण टाकणार?"

"मला वाटलं दूध नासलंय! मी दोन वाट्या खाल्लो की!"

"खाल्लास, आणि भारी झालाय म्हणालास. म्हणून तर आजवर गप्प बसलो."

इंदुबाई आधी पदरात हसली, मग पदर सोडून हसली. आतल्या खोलीत खाटेवर पाय वर करून पडलेले सुवर्णाचे वडीलसुद्धा हसायला लागले. पण सुवर्णा हसत नव्हती. ती आईकडं बघत होती.

आपा पुडी बांधत म्हणाल्या, "मी आता पहिल्या वर्षापासनं सुरू करतोय. या वयात. माझं तेव्हाचं शिकणं आता धरत न्हाईत म्हणत्यात. तुझी पोरगी तर शेवटाला येऊन थांबलीया. तिच्या हातात मीठ देऊ नगंस बाई."

इंदुबाईचं हसणं थांबलं. तिनं लेकीकडं पाहिलं, मग गल्ल्यावरचा गुलाल उगाचच हातानं पुसला. पुसता पुसता म्हणाली, "पण दुकानाचं?"

सर बाकड्यावरून उठून दारात आले. "शनिवार-रविवार ती बसंल, गर्दी तवाच असती. बाकीच्या दिवशी तास करून दुपारच्या गाडीनं परत. आणि परीक्षेला मी बसतो की दुकानात."

"तुम्ही? खोबरं इकणार?"

"एवढी वर्सं भूगोल इकतोय. तो तर कोण मागत बी न्हाय, तरी इकतोय न्हवं?"

हे सगळं बोलायच्या भरात झालं होतं, पण सरांवर ते खरं करायची वेळ आलीच. वडील काठीवर चालायला लागले होते, तरी दुकानाचं त्यांना झेपत नव्हतं. सुवर्णाचा एक पेपर नेमका चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी आला. त्या दिवशी डोंगरावर माणसाला पाय ठेवायला जागा नसते, आणि दुकानदारांची वर्षाची कमाई त्या दोन-तीन दिवसांत होते. सुवर्णानं निरोप पाठवला, पेपर पुढच्या वेळी देते. सरांनी उलट निरोप पाठवला, तयार राहा.

सकाळी मी माझ्या स्कूटरवरून त्यांना घेऊन वर गेले. सर पांढऱ्या शर्टात दुकानात चढले आणि सुवर्णा माझ्यामागं बसली. खालून निशाणासारख्या उंच सासनकाठ्या, ढोल, गाड्या, माणसांचा लोंढा वर येत होता आणि त्या लोंढ्याच्या उलट आम्ही दोघी खाली. मागं बसून ती मोसमी वाऱ्यांवर प्रश्नोत्तरं पाठ म्हणत होती. मधूनच कुणीतरी गुलाल उधळायचं, ती तोंड पुसायची आणि पुन्हा सुरू करायची. परीक्षेच्या खोलीत गेली तेव्हा तिच्या केसांत, कानात, भुवयांत सगळा गुलाबी रंग होता. पर्यवेक्षकांनी तिच्याकडं पाहून विचारलं, "निकाल आधीच लागला काय?"

पेपर संपल्यावर मी तिला परत घेऊन गेले. दुकानाजवळ पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. "दवणा ताजा! खोबरं कोकणातलं! समुद्रकिनारी, उष्ण-दमट हवामानातलं!" सर ओळखू येत नव्हते. डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाल. फक्त चष्म्याच्या जागी दोन गोल तेवढे स्वच्छ होते, तेही चष्मा सारखा पुसल्यामुळं. भाविक हौसेनं त्यांच्याकडूनच खोबरं घेत होते.

"कसं काय विकतायत सर?" मी इंदुबाईला विचारलं.

"इकत्यात भारी," ती म्हणाली. "पण प्रत्येक गिऱ्हाइकाला इचारत्यात, पावणं, तुमची पोरगी कितवीला हाय? एकजण म्हणाला, शाळा सोडलीया. झालं! त्याला बाजूला घेऊन बसले. माझ्या दुकानासमोर ही रांग लागली, आणि त्या माणसाला वाटलं, नारळ घ्यायला आलतो का भाषण ऐकायला?"

सुवर्णा पास झाली. ती वर्गात पहिली वगैरे आली नाही, नीट पास झाली. पुढं तिनं वारणानगरच्या बाजूला एका दूध संस्थेत नोकरी धरली, आणि तिचे पेढे घेऊन तिचे वडील काठी टेकत स्वतः कॉलेजात आले. सरांनी पेढा घ्यायच्या आधी त्यांना विचारलं, "धाकटं कोण हाय का घरात?"

आपांची पदवी मात्र काही सुतासारखी सरळ गेली नाही. दूरशिक्षणातून त्यांनी पहिल्या वर्षाला नाव घातलं. मराठी, इतिहास त्या मशीनवर बसून वाचायच्या. इंग्रजीसाठी रविवारी मी जायचे. आपांना स्पेलिंगांचा मनापासून राग होता. "लिवायचं एक आणि बोलायचं दुसरं. ही काय भाषा झाली? ह्यास्नी सरळ वागाय येत न्हाय व्हय?" शिकवणी कमी आणि भांडण जास्त व्हायचं. पहिल्या वर्षी त्या इंग्रजीत नापास झाल्या.

निकाल घेऊन मी घाबरत घाबरत त्यांच्या घरी गेले. सर दारातच भेटले, दबक्या आवाजात म्हणाले, "जपून. सकाळपासनं एक शब्द बोलली न्हाय." आत गेले तर आपा बिर्याणीचं भांडं उतरवत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या विषयानं मला पाडलं. पण मी काय तुला उपाशी धाडत न्हाय. जेव, आणि जेवण झालं की पुस्तक काढ."

सर निवृत्त झाले ते याच मधल्या काळात. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी भाषणं केली, शाल-श्रीफळ झालं. सरांचं बोलणं मात्र अगदी थोडं. खोलीतल्या कपाटाची किल्ली कुणाला द्यायची आणि भाकऱ्यांची पंगत बंद पडली तर कुणाचं नाव घ्यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. भूगोलाचे नवे सर मऊ आवाजाचे होते. माझ्या वर्गातली मुलं आता माझंच लिहून घ्यायची, तरी कधीकधी वाटायचं, जरा पठाराची माहिती कानावर पडायला हवी होती.

आपांनी इंग्रजी दुसऱ्या खेपेला काढलं, आणि पुढची वर्षं एकेक करून निभावली. पदवीचा कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि भावाला म्हणाल्या, "यात माझं नाव बरोबर लिवलंय. आता पुढचं सांग." पुढचं म्हणजे एम.ए. आणि ते घरात बसून करायचं नव्हतं त्यांना. वर्गात बसून करायचं होतं, बाकावर, सगळ्यांबरोबर. आमच्याच कॉलेजात त्यांनी इतिहासाला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी एका प्राध्यापकांनी त्यांना कुणाची तरी आई समजून बाहेर थांबायला सांगितलं. आपा म्हणाल्या, "थांबलो असतो, पण माझाच तास हाय."

यंदा माझी बदली झाली. संस्थेच्या जयसिंगपूरच्या कॉलेजात, म्हणजे माहेरच्या गावीच. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करून मी दुपारी बाहेर पडले, तर गेटाजवळच्या गुलमोहराखाली शिकलगार सर उभे. केस आता पार पांढरे झालेले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात छत्री. फाटकावरचा पहारेकरी त्यांना आत यायला सांगत होता आणि ते मान हलवत होते.

"सर, इथं का उभे?"

"आपाला न्यायला आलोय. तिचा तास सुटायचाय. ऊन लई हाय, चालत यायचं म्हणून छत्री आणली."

"मग आत चला की, स्टाफरूममध्ये बसू."

"नको म्याडम. आत माझी बहीण शिकतीया. मी इथंच बरा."

आम्ही थोडा वेळ बोलत उभे राहिलो. जयसिंगपूरला सकाळची एसटी किती वाजता पोचते, तिथं पोरं कुठून कुठून येतात, असं त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. तेवढ्यात तास सुटला. पायऱ्यांवरून मुलींचा एक घोळका खाली आला आणि त्यांच्या मधोमध आपा, सगळ्यांपेक्षा उंच, छातीशी पुस्तकं धरलेल्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि त्या मान मागं टाकून हसल्या. इतक्या वर्षांत मी आपांना असं हसताना पाहिलं नव्हतं. एका मुलीनं त्यांच्या हातातली पुस्तकं घेतली, दुसरीनं दंडाला धरून ओढलं, आणि तो सगळा घोळका गेटाकडं न येता कॅन्टीनच्या दिशेनं वळला. आपांनी आमच्याकडं बघितलंही नाही.

मी हाक मारायला हात वर केला.

"थांबा, थांबा," सर घाईनं म्हणाले. त्यांनी माझा हात खाली केला. मी इतकी वर्षं ऐकलेला तो भिंती ओलांडणारा आवाज त्या वेळी अगदी हळू, जेमतेम मला ऐकू येईल एवढाच होता. "हाक नका मारू. मैत्रिणींबरोबर चहाला चाललीया ती."

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, छत्री उघडली आणि गुलमोहराच्या बुंध्याला टेकून नीट उभे राहिले, लवकर कुठं जायचं नसलेल्या माणसासारखे.